नमुन्याचं चाक

“पोरीला गोवर आला होता तेव्हासुद्धा यांनी इतक्या वेळा ताप मोजला नव्हता,” बायको सिंकमधल्या बशीला म्हणाली.

अचूकराव तिच्यापासून हातभर अंतरावर, ओट्याखालच्या खणात डोकं घालून टॉर्च शोधत होते. म्हणजे पत्ता बशीचा असला तरी टपाल त्यांचंच होतं.

“टायरला ताप नसतो. दाब असतो,” ते खणातूनच म्हणाले.

“मग डॉक्टर बदला,” असं म्हणून तिने बशी पुसायला घेतली.

अचूकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, बाजारपेठेने ठेवलेलं. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली की माणसाला असं काहीतरी चिकटतंच. दुकानात शिरले की ते आधी काट्याकडे बघत, मग दुकानदाराकडे, आणि दोघांपैकी कोण जास्त हलतंय हे त्यांना उंबऱ्यातूनच कळे. घरातही तेच. साखरेच्या डब्यावर रेघ, पाण्याच्या टाकीवर रेघ, आणि दाराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या रेघा, तारखेसकट आणि मिलिमीटरमध्ये. सगळ्यांत वरची रेघ नऊ वर्षांपूर्वीची. त्यानंतर ती वाढायची थांबली, असं त्यांचं नोंदीवर आधारलेलं मत होतं.

तर ही मुलगी रविवारी सकाळी सहा वाजता घर सोडणार होती. नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत तिला नोकरी लागली होती, पाचशे चाळीस किलोमीटर लांब, आणि घरची गाडी घेऊन ती एकटीच जाणार होती. अचूकरावांनी गाडी रीतसर तिच्या नावावरही करून दिली होती. तेव्हापासून घरात सगळे फार आनंदात होते. इतके, की आनंदात असण्याचं काम तिघांनी आळीपाळीने वाटून घेतलं होतं. एक दमला की दुसऱ्याने सुरू करायचं.

मंगळवारी संध्याकाळी गाडीत तो दिवा लागला.

पिवळा दिवा. बायकोला तो दुधाच्या पातेल्यासारखा दिसला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर मुद्दाम खाली येऊन, चष्मा पुसून, गाडीत डोकावले. त्यांना पातेलं दिसलंच नाही, पातेल्यातलं चिन्ह तेवढं दिसलं. “शब्द नाही, वाक्य नाही, नुसतं उद्गारचिन्ह,” ते म्हणाले. “हल्लीच्या मुलांचे निबंध असेच असतात.”

“टायरच्या हवेचा दिवा आहे तो,” अचूकराव म्हणाले. “आणि तो विझल्याशिवाय रविवारी गाडी निघणार नाही.”

मुलीने मान डोलावली. बायकोनेही. एवढ्या मोठ्या हुकुमाला त्या घरातून एकही हरकत येऊ नये ही नोंद करण्यासारखी बाब होती, पण ती नोंदायची राहिली, कारण अचूकराव हवा मोजायचं गेज आणायला आत गेले होते.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी, नाहीतर पुढे ती लपवून ठेवल्यासारखी होईल. सोमवारी, म्हणजे दिवा लागायच्या आदल्या दिवशी, अचूकरावांनी डिकीतली स्टेपनी काढून कोठीच्या खोलीत नेली होती. कारण खात्याच्या शिस्तीचं होतं. त्यांच्या कचेरीत एका कुलूपबंद कपाटात नमुन्याचं एक किलोचं वजन असे, मऊ कापडात गुंडाळलेलं. बाकीची वजनं शेवटी त्याच्याशी ताडून बघायची. त्याला स्वतःला मात्र कामाला लावायचं नाही, उघड्या हाताने शिवायचंसुद्धा नाही. गाडीच्या पाच चाकांपैकी चार रस्त्यावर झिजलेली, पाचवं कारखान्यातून आलं तसं कोरं. तेव्हा नमुना कोण, हे उघडच होतं. प्रवासाआधी चारही चाकं त्याच्याशी ताडायची आणि रविवारी सकाळी ते परत डिकीत ठेवायचं, असा बेत. त्यांनी त्यात मोजून हवा भरली, जुन्या पलंगपोसात ते गुंडाळलं, वर गाठ मारली आणि डब्यांच्या मागे उभं केलं. नमुना मोजणीत धरत नाहीत, हे कोणत्याही निरीक्षकाला माहीत असतं. गाडीला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मंगळवारी जेवणं झाल्यावर मुलीने गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचायला घेतलं.

“बाबा, प्रत्येक चाकाच्या आत एक सेन्सर असतो. हवा भरायच्या नळीला आतून जोडलेला, आगपेटीएवढा. हवा किती आहे, आत गरम किती आहे, हे तो बघतो आणि बिनतारी लहरींवरून गाडीला कळवतो.”

“त्याला विचारतं कोण?”

“कोणी नाही. आपणहून सांगतो.”

“आणि वीज?”

“आतच बॅटरी. बदलता येत नाही. सात ते दहा वर्षं चालते. गाडी उभी असली की तो झोपतो, चाक फिरलं की जागा होतो.”

अचूकराव खुर्चीत मागे टेकले. एकतीस वर्षं ते दुकानोदुकानी हिंडले होते. खालून मेण लावलेली पारडी, पोटात पोकळ केलेली वजनं, बूड आत ठोकलेली मापं, सगळं त्यांनी पकडलं होतं. पण अख्ख्या नोकरीत एकाही वजनाने आपणहून पुढे येऊन ‘साहेब, मी कमी भरतोय’ असं सांगितलं नव्हतं. आणि इथे हा आगपेटीएवढा जीव. काळोखात बसलेला, खड्ड्यांवरून मिनिटाला शेकडो कोलांट्या खाणारा, आणि एका बॅटरीवर दहा दहा वर्षं खरं बोलणारा.

“याला पेन्शन नसेल,” ते हळू आवाजात म्हणाले.

“पुस्तकात नाही दिलेलं.” मुलीने पान उलटलं, पुढचा उतारा वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि पुस्तक मिटलं. “बाकीचं मग वाचू.”

हा जीव खोटं बोलणार नाही, या आदरापोटीच पुढचा घोळ झाला. बुधवारी भर दुपारी कचेरीतून गाडी आणल्या आणल्या अचूकरावांनी चारही चाकांना गेज लावलं. छत्तीस. गाडीच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेल्या चिठ्ठीत तेहतीस. तीन जास्त. त्यांनी तेवढी सोडली. गुरुवारी सकाळी मोजली तर तीस. भरली. कचेरीत जाऊन, दुपारी अर्ध्या रजेवर परत येऊन मोजली तर छत्तीस. पुन्हा सोडली. दिवा जागचा हलला नाही.

हे सगळं अंगणात चाललेलं असल्यामुळे त्याला प्रेक्षक होते. हेडमास्तर टायरपाशी उकिडवे बसून त्याच्या कडेवरची बारीक अक्षरं बोटाने वाचत होते. “अहो, इथे तर एकावन्न लिहिलंय. आणि तुम्ही तेहतीसवर समाधानी? पास होण्यापुरते गुण नका मागू.”

“ती सोसण्याची हद्द आहे, मास्तर. तेवढी भरायची नसते.”

“मग लिहिली कशाला?”

तळमजल्यावरच्या दंतवैद्य बाई दवाखान्यात जाता जाता थांबल्या. गाडी नीट चालते का, आवाज येतो का, वळताना दुखतं का, असं त्यांनी क्रमाने विचारलं आणि निदान दिलं. “दुखत नसेल तर हात लावू नका. दिव्यावर काळी चिकटपट्टी मारा. माझे निम्मे पेशंट तेच करतात.”

शेवटी बायको हात पुसत बाहेर आली. “दूध तापलं की वर येतं,” ती म्हणाली. “म्हणून ते वाढलेलं नसतं. सकाळी गार असताना मोजा आणि मग दिवसभर हात बांधून बसा.”

अचूकरावांना हे लागलं. ते बरोबर होतं म्हणून जास्त लागलं. शिवाय ती पुढे असंही म्हणाली, की परवापासून ती मागच्या सीटवरून बघतेय, दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग लागून राहतो. पण एका बैठकीत बायकोचं एकच म्हणणं मान्य करायचं, अशी त्यांची मर्यादा होती. लुकलुकणं त्यांनी उद्यावर ढकललं आणि गाडी काढून ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले.

तिथे गार हवा होती, काचेचं टेबल होतं आणि टाय लावलेला सल्लागार होता. त्याने स्क्रीनवर बघितलं, अचूकरावांकडे बघितलं, पुन्हा स्क्रीनवर बघितलं.

“मालक आल्या नाहीत?”

“गाडी मी आणलीय.”

“हो, पण नोंद बाईंच्या नावावर आहे. आपण कोण?”

“वडील.”

“तसा कॉलम नाहीये, सर. मालक, चालक, प्रतिनिधी आणि इतर.” त्याने फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. “‘इतर’वर खूण करा.”

आयुष्यभर अचूकरावांनी दुसऱ्यांच्या फॉर्मांवर खुणा केल्या होत्या. हजारो दुकानांची शटरं त्यांच्या एका सहीवर उघडली होती. आता त्या चौकोनावर पेन टेकवताना ते जरा थांबले. चालकावर करावी म्हटलं, तर रविवारपासून तेही खरं उरणार नव्हतं. त्यांनी ‘इतर’वर खूण केली. छोटी, पण रेषेच्या आत.

“हवा मी स्वतः तपासलीय,” ते म्हणाले.

“घरचे गेज तितकेसे बरोबर नसतात, सर.”

अचूकरावांनी पाकिटातून गेजचं प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं. सल्लागाराने ते वाचलं. “खाली सही कोणाची आहे?”

“माझी.”

सल्लागार चांगल्या घरचा असावा, तो हसला नाही. त्याने गाडीला यंत्र लावलं. कागद बाहेर आला. चार टायर, चार हिरव्या खुणा, दोष नाही. मग त्याने काहीतरी दाबलं आणि दिवा विझला. अचूकराव मानाने घरी निघाले. घराचं वळण दिसलं आणि दिवा लुकलुकू लागला, अगदी मिनिटभर, आणि मग ठाम लागून राहिला.

त्या संध्याकाळी ते पाण्याचा पाइप शोधायला कोठीच्या खोलीत गेले. डब्यांच्या मागे, पलंगपोसात, नमुन्याचं चाक उभं होतं. त्याच्याकडे बघता बघता त्यांच्या मनात एक शंका डोकावली. कागदावर चार हिरव्या खुणा होत्या. पण चाकं तर… आणि मग त्यांना दिसलं, की पलंगपोसाची गाठ त्यांनी मारलेली नव्हती. ते उजवीकडून मारत, ही डावीकडून होती. उंदीर असेल, असं त्यांनी ठरवलं. उंदीर इतकी नेटकी गाठ मारत नाहीत हे एकतीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाला कळायला हवं होतं. त्यांनी शंका गाठीच्या आत परत ठेवली, दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, “काही समजत नाही बुवा. रविवार जमेलसं दिसत नाही.”

“बघू ना, घाई काय आहे,” मुलगी म्हणाली.

“एखाद्या आठवड्याने काही बिघडत नाही,” बायको म्हणाली.

शुक्रवार फार चांगला गेला. तिघांनी मिळून दिव्याची काळजी केली. मुलीने बॅग अर्धीच भरली. बायकोने तिघांसाठी पुढच्या आठवड्याचा किराणा आणला. चारही चाकं सकाळी गार असताना तेहतीस होती आणि दिवा लागलेला होता, तेव्हा कोणाचाच काही इलाज नव्हता.

इलाज हेडमास्तरांनी शोधला. शनिवारी सकाळी ते पायांत बूट घालूनच जिना उतरले. “माझी जुनी विद्यार्थिनी टायरचं दुकान चालवते. मी फोन केलाय. ती वाट बघतेय.” आणि गाडीचं पुढचं दार उघडून बसलेदेखील. मुलीला किल्ली काढावी लागली, आणि बाकीचे दोघं मागे बसले.

टायरवाल्या बाई पन्नाशीच्या होत्या. कानामागे पेन्सिल, कोपरापर्यंत काळे हात. हेडमास्तरांना बघून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि ताठ उभ्या राहिल्या. मग त्यांनी खिशातून टीव्हीच्या रिमोटएवढं एक यंत्र काढलं आणि पुढच्या चाकाच्या नळीजवळ धरलं. आत कुठेतरी झोपलेलं काहीतरी जागं झालं. यंत्र टिकटिकलं.

“पुढचं डावं. तेहतीस. आत एकतीस अंश. बॅटरी चांगली आहे.”

अचूकराव पुढे झाले. “मी धरू?”

बाईंनी यंत्र त्यांच्या हातात दिलं. ते मागच्या चाकापाशी गुडघे टेकून बसले, पॅंटची पर्वा न करता. यंत्र त्यांनी नळीजवळ धरलं. टिक. तेहतीस. त्यांच्या गेजशी काटेकोर जुळणारे तेहतीस. जाड रबराच्या पलीकडून, काळोखातून, कोणीतरी त्यांना विश्वासाने उत्तर दिलं होतं. त्यांनी यंत्र पुन्हा धरलं. तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच.

“अहो, त्याला झोपू द्या आता,” बायको म्हणाली, पण हळू.

बाईंनी दुसरी वायर गाडीला लावली. “दिवा सरळ लागतो की आधी लुकलुकतो?”

“मिनिटभर लुकलुकतो,” बायको म्हणाली आणि लगेच ओठ मिटले.

“मग हवेचा प्रश्नच नाही. हवा कमी असली तर सरळ लागतो. लुकलुकून लागला, म्हणजे गाडीला कोणाचा तरी आवाज ऐकू येत नाहीये.” त्यांनी स्क्रीन त्यांच्यासमोर धरला. “गाडी रोज हजेरी घेते ना. हे बघा, हिच्या पटावर पाच नावं आहेत. चार हजर.”

“आणि पाचवं?” हेडमास्तरांनी विचारलं.

“स्टेपनी. या गाडीत स्टेपनीलाही सेन्सर असतो. एक जण घरचा दिसत नाही, म्हणून ही बिचारी आठवडाभर हाका मारतेय.” त्यांनी डिकी उघडली, तळाची फळी उचलली. खाली गोल, स्वच्छ, रिकामा खड्डा होता. “स्टेपनी कुठाय?”

मुलगी किल्लीकडे बघत होती. बायको पदराचा धागा ओढत होती. अचूकराव खड्ड्याकडे बघत होते. गप्प वर्गापुढे चाळीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाने सवयीने मार्ग काढला.

“ज्याला माहीत असेल,” हेडमास्तर म्हणाले, “त्याने हात वर करावा.”

अचूकरावांचा हात वर गेला. खोटं बोलणं त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं. मग त्यांना शेजारी हालचाल दिसली. बायकोचा हात वर होता. आणि तिच्यापलीकडे, किल्ली धरलेला, मुलीचा.

तिघांनी एकमेकांच्या हातांकडे बघितलं.

“तू कधीपासून?” अचूकरावांनी बायकोला विचारलं.

“मंगळवारी डबा काढायला गेले तेव्हा. गाडीतली लुकलुक बघितली होतीच, आणि डब्यांच्या मागे हे दिसलं. गाठ सैल होती, घट्ट केली.”

“आणि तू?”

“पुस्तकात पुढच्याच पानावर होतं, बाबा. मग डिकी बघितली, आणि कोठीही.”

टायरवाल्या बाईंनी कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली. “मग आठवडाभर तुम्ही शोधत काय होतात?”

त्यावर तिघांनी मिळून फळी परत बसवली.

संध्याकाळी नमुन्याचं चाक पलंगपोसातून निघालं आणि खड्ड्यात बसलं. गाडी पंधरा मिनिटं फिरवून आणली. दहाव्या मिनिटाला दिवा विझला. “झालं बाई एकदाचं,” बायको म्हणाली. “सुटलो,” मुलगी म्हणाली. “मी म्हणत होतोच,” अचूकराव म्हणाले. मग घरी येईपर्यंत तिघंही विझलेल्या दिव्याकडे बघत राहिले. मुलीने राहिलेली अर्धी बॅग भरली.

रविवारी सकाळी सहा वाजता अंगण गार होतं. अचूकरावांनी पाचही चाकं मोजली. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस आणि तेहतीस. बायकोने खाऊचा डबा पुढच्या सीटवर ठेवला आणि त्यालाही पट्टा लावला. वर गॅलरीत हेडमास्तर शाल घेऊन उभे होते. मुलीने गाडी सुरू केली. सगळे दिवे लागले, एकेक करून विझले. पिवळाही विझला.

अचूकराव खिडकीशी वाकले.

“हवा सकाळी गार असताना मोजायची.”

“हो.”

“कडेवरचं एकावन्न बघायचं नाही. दारावरची चिठ्ठी बघायची.”

“हो, बाबा.”

“स्टेपनी काढून ठेवायची नाही.”

“मी कशाला काढू?” ती म्हणाली आणि हसली, पण ते हसू पुरतं भरलं नाही.

त्यांनी पुन्हा एकदा काचेच्या मागच्या काट्यांवरून नजर फिरवली. कुठे काही लागलेलं नव्हतं. हातात गेज होतं, आणि त्याने मोजायचं काही उरलं नव्हतं. बायकोने त्यांच्याकडे बघितलं, मग गाडीकडे. मुलीचा हात गिअरवर होता आणि तिथेच राहिला होता. एकतीस वर्षांत अचूकरावांनी ताडून न बघता एकही विधान केलं नव्हतं. त्यांनी गेज खिशात ठेवलं.

“तू गेल्यावर,” ते म्हणाले, “मला इथे करमणार नाही.”